जॉन आरलॉट : माइक नाकारणारा समालोचक

आमच्या लहानपणी वस्तीत टीव्ही दोन-तीन घरांतच होता. कसोटी सामना असला की समाजमंदिराच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर ठेवला जाई आणि त्याभोवती दहा-वीस डोकी जमत. त्यांपैकी एकानेही वानखेडे किंवा ईडन गार्डन पाहिलेले नसे. तरी समालोचकाच्या आवाजावर विश्वास टाकून आम्ही जल्लोष करायचो, हळहळायचो, एकमेकांशी भांडायचो. जे आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे आणि खरे मानायचे! ज्याच्या हाती माइक त्याच्या हाती ही केवढी मोठी सत्ता! मग ही सत्ता त्याने कुणासाठी वापरायची? आणि ती कुणाच्या कामी येऊ द्यायची नाही?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने देणारा एक समालोचक इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव जॉन आरलॉट. त्यांच्या निधनाला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. क्रिकेटची पुस्तके त्यांना त्यांच्या आवाजासाठी आणि काव्यमय भाषेसाठी गौरवतात. समतेच्या चळवळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र त्यांना वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवले पाहिजे. ते कारण काय, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आरलॉट यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९१४ रोजी हॅम्पशायर परगण्यातील बेसिंगस्टोक या गावी झाला. जन्माचे घर दफनभूमीच्या आवारातले होते, कारण त्या दफनभूमीची देखरेख त्यांच्या घराण्याकडे होती. आपल्याकडे मसणवाट्याचे काम कुणाच्या गळ्यात बांधले गेले आणि ते करणाऱ्याच्या नशिबी पुढे काय आले, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. इंग्लंडमध्ये मात्र ती एक नोकरी होती. तिचा शिक्का मुलाच्या कपाळावर जन्मभरासाठी उमटला नाही. फरक आहे तो इथेच!

तरी हे घर काही सरदार-दरकदाराचे नव्हते. मुख्याध्यापकांशी खटका उडाल्याने सोळाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली. विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधी चढले नाहीत. आधी नगररचना कार्यालयात, मग मनोरुग्णालयात कारकुनी केली आणि १९३४ साली ते साउदॅम्प्टनच्या पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले. तिथे ते १९४५ पर्यंत राहिले. या काळात साउदॅम्प्टन बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, आणि याच काळात ड्युटी सांभाळून हा पोलीस कविता वाचू लागला, लिहू लागला. १९४४ साली त्यांचा कवितासंग्रह निघाला. कवी जॉन बेट्जेमन यांच्यासारख्यांनी त्यांना हात दिला आणि १९४५ साली पोलिसाची वर्दी उतरवून ते बीबीसीत दाखल झाले.

बीबीसीत त्यांना मिळालेले काम होते ईस्टर्न सर्व्हिसमध्ये साहित्यविषयक कार्यक्रमांची निर्मिती करण्याचे. काही काळ आधी हे काम जॉर्ज ऑर्वेल यांनी सांभाळले होते. या सेवेचा श्रोता होता आपला हिंदुस्थान. म्हणजे आरलॉट यांच्या रेडिओवरील कारकिर्दीचे पहिले कान आपल्याच भूमीवरचे होते, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

१९४६ च्या उन्हाळ्यात पतौडीच्या नवाबांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. विजय मर्चंट, विनू मंकड आणि सांगलीचे विजय हजारे त्या संघात होते. भारतातल्या श्रोत्यांना या दौऱ्याचे वर्णन ऐकवायचे होते. क्रिकेट खेळलेला आणि क्रिकेटवर जीव असलेला माणूस ईस्टर्न सर्व्हिसच्या कचेरीतच बसला होता. वूस्टरला दौऱ्याचा पहिला सामना झाला, तेथून आरलॉट बोलले. प्रयोग म्हणून दिलेले हे काम भारतातल्या श्रोत्यांना इतके आवडले, की त्यांना पूर्ण दौऱ्याबरोबर पाठवण्यात आले. याच दौऱ्यात चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी सरे संघाविरुद्ध अखेरच्या जोडीसाठी २४९ धावांची विक्रमी भागीदारी केली. दौरा संपल्यावर आरलॉट यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. तेव्हापासून १९८० पर्यंत, म्हणजे सलग ३५ उन्हाळे, हा आवाज क्रिकेटचा आवाज म्हणून ओळखला गेला.

पण हा आवाज कसा होता? इथे पुन्हा थांबावे लागते. त्या काळी बीबीसीवर बोलायचे तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या छापाची, वरच्या वर्गाची इंग्रजी लागे. आरलॉट यांची बोली हॅम्पशायरच्या शेताशिवारातली, जड आणि रांगडी होती. त्यांच्या एका वरिष्ठाने त्यांचा आवाज गावंढळ असल्याचे तोंडावर सांगितले. मात्र त्या आवाजामागची बुद्धी वेगळी आहे, हेही त्याने मान्य केले आणि त्यांना काम दिले. आरलॉट यांनी आपली बोली बदलली नाही. कवीची शब्दसंपत्ती आणि पोलिसाची बारीक नजर त्यांनी त्याच बोलीत मिसळली. काही वर्षांनी इंग्लंडभरची मुले त्या गावंढळ आवाजाची नक्कल करू लागली. शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली आपल्या पोरांना शाळेत, महाविद्यालयात आणि वक्तृत्व स्पर्धांत गप्प बसवले जाते, ते आम्ही पाहिले आहे आणि सोसलेही आहे. म्हणून आरलॉट यांची ही गोष्ट आम्हाला जवळची वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९४८ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि पूर्वापार चालत आलेल्या वर्णभेदाला तिने कायद्याची चौकट देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडचा संघ तिथे गेला. समालोचक म्हणून आरलॉट सोबत होते. गोऱ्या यजमानांच्या मेजवान्या झोडून परत येणे सहज शक्य होते, बहुतेकांनी तेच केले. आरलॉट मात्र काळ्यांच्या वस्त्यांत गेले. भररस्त्यात एका काळ्या माणसाला गोऱ्याने विनाकारण लाथ घालून गटारात पाडताना त्यांनी पाहिले. सरकारी फॉर्ममध्ये वंशाचा रकाना होता. त्यात त्यांनी आपला वंश माणूस असा लिहिला. अधिकारी चिडला, वाद झाला, पण लिहिलेले त्यांनी खोडले नाही. त्यानंतर त्यांनी दक्षिण आफ्रिकेत पुन्हा पाऊल ठेवले नाही.

मायदेशी आल्यावर ते गप्प बसले नाहीत. १९५० साली बीबीसीच्या एका लोकप्रिय प्रश्नोत्तर कार्यक्रमात त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची तुलना थेट नाझींशी केली. तिकडच्या सरकारने निषेध नोंदवला आणि बीबीसीने त्यांना त्या कार्यक्रमातून बराच काळ बाहेर ठेवले. खरे बोलल्याबद्दल माइक हिरावला जातो, हा अनुभव त्यांनी असा घेतला. पुढे १९५५ आणि १९५९ या दोन सार्वत्रिक निवडणुका त्यांनी एपिंग मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे लढवल्या. दोन्ही वेळा पडले.

आणि मग एक पत्र आले. केपटाउनमध्ये राहणारा बेसिल डॉलिव्हेरा हा तरुण तिथल्या वर्गवारीनुसार कलर्ड, म्हणजे मिश्रवर्णीय होता. खडकाळ, ओबडधोबड मैदानांवर त्याने शतकांमागून शतके काढली होती. गौरेतरांच्या संघाचा तो कर्णधार होता. पण स्वतःच्या देशाकडून खेळणे त्याला कायद्याने आणि रिवाजाने बंद होते. त्याने आरलॉट यांचा आवाज रेडिओवर ऐकला होता. त्या आवाजावर विश्वास ठेवून त्याने १९५८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कुठे खेळायला मिळेल का, अशी विचारणा करणारे पत्र पाठवले. आरलॉट यांनी उत्तर दिले. दोघांत पत्रव्यवहार सुरू राहिला. आरलॉट यांनी मँचेस्टरचे पत्रकार जॉन के यांना गाठले. क्लबामागून क्लब नकार देत होते. अखेर १९६० साली मिडल्टन क्लबला ऐनवेळी व्यावसायिक खेळाडूची गरज पडली आणि डॉलिव्हेराला एका हंगामासाठी ४५० पौंडांचा करार मिळाला.

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आरलॉट यांनी डॉलिव्हेराचा उद्धार केला, असे लिहिण्याची गोऱ्या लेखकांना सवय आहे. आम्हाला ते मान्य नाही. पत्र लिहिण्याची हिंमत डॉलिव्हेराची होती. विमानाच्या तिकिटाचे पैसे केपटाउनच्या गोरगरीब वस्तीने सामने भरवून, वर्गण्या काढून उभे केले. त्याच सुमारास, २१ मार्च १९६० रोजी, शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडून ६९ माणसे मारली होती. अशा दिवसांत त्या वस्तीने आपला माणूस बाहेर पाठवला. आरलॉट यांनी केले ते एवढेच की बंद दाराच्या आतल्या बाजूला उभे असताना त्यांनी कडी काढली. हे काम लहान नाही, पण दार ठोठावणारा हात दुसऱ्याचा होता, हे विसरता कामा नये.

डॉलिव्हेरा इंग्लंडला पोहोचला तेव्हा गोरी माणसेही हलकीसलकी कामे करतात हे पाहून तो चकित झाला. पहिले काही सामने थंडीत आणि ओल्या खेळपट्ट्यांवर वाया गेले. मग त्याने जम बसवला आणि त्या हंगामात नऊशेहून अधिक धावा काढल्या. १९६४ पासून तो वूस्टरशायरकडून काउंटी क्रिकेट खेळला आणि १९६६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, इंग्लंडचा कसोटीपटू झाला. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे वर्णभेदाने आधीच गिळली होती. तरीही त्याने ४४ कसोटी सामन्यांत २,४८४ धावा केल्या. उमेदीची वर्षे मिळाली असती तर हा आकडा कुठे गेला असता?

१९६८ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध डॉलिव्हेराने १५८ धावा काढल्या. त्याच हिवाळ्यात इंग्लंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला जायचा होता. २८ ऑगस्टला संघ जाहीर झाला आणि त्यात डॉलिव्हेराचे नाव नव्हते! निवड समितीने कारण काय दिले? निवड निव्वळ क्रिकेटच्या कसोटीवर, म्हणजे गुणवत्तेवर झाली! गुणवत्ता हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. कोर्टात आणि कोर्टाबाहेर तो आम्ही कितीदा तरी ऐकला आहे. प्रस्थापितांना जो नको असतो त्याच्यापुढे हा शब्द आडवा टाकला जातो.

आरलॉट त्या वेळी गार्डियन दैनिकाचे क्रिकेट प्रतिनिधी होते. निवड समितीच्या कारणावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहिले. जनमत खवळले. पुढे काही दिवसांत टॉम कार्टराइट हा गोलंदाज दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी फलंदाज डॉलिव्हेराला घेण्यात आले. गोलंदाजाच्या जागी फलंदाज! आधीची निवड निव्वळ क्रिकेटच्या निकषावर होती, हा बचाव निवड समितीने स्वतःच असा खोडून टाकला. १७ सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान व्होर्स्टर यांनी हा संघ आम्हाला नको असे जाहीर केले आणि २४ सप्टेंबरला दौरा रद्द झाला. वर्णभेद हा खेळाबाहेरचा प्रश्न आहे, असे सांगणाऱ्यांची तोंडे त्या दिवशी बंद व्हायला हवी होती.

ती झाली नाहीत. १९७० च्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा गोरा संघ इंग्लंडला यायचा होता. पीटर हेन या तरुणाच्या नेतृत्वाखाली दौरा रोखण्याचे आंदोलन पेटले. क्रिकेटचे सत्ताधारी मात्र अडून बसले. एप्रिल महिन्यात आरलॉट यांनी गार्डियनमध्ये लेख लिहून आपण या सामन्यांचे समालोचन करणार नाही, असे जाहीर केले. त्यांची भूमिका साधी होती. समालोचन म्हणजे श्रोत्यांबरोबर आनंद वाटून घेणे, आणि या मालिकेत आनंद वाटण्याजोगे आपल्याला काही दिसत नाही.

विचार करा. ज्याची भाकरी आवाजावर आहे, त्याने आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या मालिकेला आवाज द्यायचे नाकारले. त्यांनी घोषणा दिली नाही, मोर्चा काढला नाही, फक्त माइकसमोर बसायला नकार दिला. खेळात राजकारण आणू नका, हे आंदोलकांना सांगणे सोपे होते. क्रिकेटचा आवाज मानल्या गेलेल्या माणसाला ते कसे सांगणार? अखेर गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी दौरा मागे घेण्याची विनंती केली आणि २२ मे १९७० रोजी तो रद्द झाला. त्याऐवजी गॅरी सोबर्स यांच्या नेतृत्वाखाली शेष विश्व संघ इंग्लंडशी खेळला. त्यात दक्षिण आफ्रिकेचे गोरे खेळाडू एका काळ्या कर्णधाराच्या हाताखाली खेळले. आपले फारुख इंजिनियरही त्या संघात होते. पुढे सुमारे एकवीस वर्षे दक्षिण आफ्रिका अधिकृत आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाहेर राहिली.

आरलॉट यांची समतेची दृष्टी केवळ परदेशापुरती नव्हती. इंग्लंडच्या क्रिकेटमध्येही एक वर्णव्यवस्था नांदत होती. हौशी म्हणजे जंटलमन आणि पगारी म्हणजे प्लेअर, असे दोन वर्ग होते. त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या होत्या. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची नंतर छापत. हा भेद १९६३ च्या हंगामापासून संपला. पगारी खेळाडूंनी आपली संघटना काढली तेव्हा १९६८ साली आरलॉट तिचे अध्यक्ष झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले.

अर्थात त्यांचे मूल्यमापन करताना आम्ही डोळे मिटणार नाही. त्यांनी वर्णभेद पाहिला १९४८ साली आणि माइक नाकारला १९७० साली. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेचे गोरे संघ चार वेळा इंग्लंडला येऊन गेले, तेव्हा त्यांनी असा नकार दिला नव्हता. बावीस वर्षे हा थोडा काळ नव्हे. पण सगळ्यांना सोयीचे झाल्यावर ते बोलले, असेही नाही. १९७० साली क्रिकेटची सारी सत्तास्थाने विरुद्ध बाजूला असताना ते उठून उभे राहिले. माणसाला उशीर होतो. उशिरा का होईना, किंमत मोजून उभा राहणारा आणि कधीच उभा न राहणारा यांत फरक करावाच लागतो.

किंमत त्यांनी घरातही मोजली होती, वेगळ्या अर्थाने. १९६४ सरून १९६५ उजाडताना त्यांचा थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. तेव्हापासून ते आयुष्यभर काळा टाय वापरत राहिले. १९७६ साली त्यांच्या दुसऱ्या पत्नी गेल्या. २ सप्टेंबर १९८० रोजी लॉर्ड्सवरील शतकमहोत्सवी कसोटीत त्यांनी शेवटचे कसोटी समालोचन केले. निरोपाचे भाषण नाही की आठवणी नाहीत. पुढे कोण बोलणार त्यांची नावे सांगितली आणि खुर्ची सोडली. मैदानावर घोषणा झाली तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले आणि खेळाडूंनी खेळ थांबवून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते आल्डर्नी या छोट्या बेटावर राहायला गेले.

१० नोव्हेंबर १९९१ रोजी दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली, ती कोलकात्याच्या ईडन गार्डनवर, भारताविरुद्ध. मंडेला त्याआधीच्या वर्षी तुरुंगातून सुटले होते. त्यानंतर जेमतेम महिन्याने, १४ डिसेंबर १९९१ रोजी, जॉन आरलॉट यांचे निधन झाले. पहिला श्रोता भारतात होता आणि ज्या बहिष्काराला त्यांनी बळ दिले तो भारतातच संपला!

भारताचे नाव आले म्हणून एक हिशेब मांडतो. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत १९४६ साली पहिला देश होता. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका आली म्हणून भारताने चषकावर पाणी सोडले. या भूमिकेचा आम्हाला अभिमान आहे. पण याच देशात चर्मकार समाजात जन्मलेल्या पळवणकर बाळू यांना पुण्याच्या मैदानावर गोलंदाज म्हणून घेतले आणि चहा मात्र वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. त्या चहाच्या भांड्याविरुद्ध त्या काळच्या कुठल्या क्रिकेटप्रेमीने मैदान सोडले? बाहेरचा वर्णभेद दिसतो, घरातली जात दिसत नाही, हे दुखणे जुने आहे.

शेवटी त्या रकान्याविषयी. आरलॉट यांनी वंशाच्या रकान्यात माणूस लिहिले, ही गोष्ट सांगून उद्या कुणी तुम्हाला उपदेश करील की तुम्हीही जात लिहू नका, फक्त माणूस लिहा. वकील म्हणून आम्ही सांगतो, या युक्तिवादाला फसू नका. तो रकाना माणसाला बाहेर काढण्यासाठी होता आणि ज्याचे काही हिरावले जाणार नव्हते अशा गोऱ्या माणसाने तो नाकारला, म्हणून त्या नकाराला अर्थ होता. आपला रकाना प्रतिनिधित्वाचा हिशेब ठेवण्यासाठी आहे. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत. तेव्हा जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा धर्म बौद्ध आणि आपली अनुसूचित जात, दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. माणूस लिहिण्याची पहिली पाळी ज्यांनी तो रकाना निर्माण केला त्यांची आहे.

आज आपल्या तरुणांच्या हाती माइक आला आहे. कुणी वृत्तवाहिनीत आहे, कुणी आकाशवाणीवर आहे, कुणी मोबाइलवरून हजारो लोकांशी बोलतो आहे. बोली गावाकडची असेल तर ती लपवू नका, आरलॉट यांनी लपवली नाही. आणि ज्या मंडपात आपल्या माणसाला चहा बाहेर दिला जातो, त्या मंडपाचे सूत्रसंचालन करायला बोलावणे आले, मानधन कितीही असले, तर जाऊ नका. का येत नाही, ते मात्र आरलॉट यांच्यासारखे चारचौघांत सांगा.